आयरिश ख्रिसमस डिनर पहिल्यांदाच करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आयर्लंडमधली मराठी मंडळी हेच प्रश्न घेऊन येतात. कुणाकडे आयरिश शेजारी जेवायला येणार असतात, कुणाची मुलं शाळेतून हट्ट घेऊन आलेली असतात, कुणाची सून किंवा जावई इथला असतो. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा खटाटोप. मापं ८ माणसांची धरली आहेत.

या जेवणात नक्की काय काय असतं?

टर्की आणि हॅम. यातलं एक निवडायचं नसतं, ताटात दोन्हींचे काप शेजारी शेजारी येतात. बाजूला ब्रेडचं स्टफिंग, भाजलेले बटाटे, लोणी घालून घोटलेले बटाटे, बऱ्याच घरांत बटाट्याची क्रोकेट्स, ब्रसेल्स स्प्राउट्स (चिमुकल्या कोबीसारखी भाजी), गाजर आणि पार्सनिप (गाजरासारखंच, पण पांढरट कंदमूळ), कडेला क्रॅनबेरी सॉस आणि सगळ्यावर ग्रेव्ही. हो, एका ताटात तीन तऱ्हेचे बटाटे. त्याचं इथे कुणालाच नवल वाटत नाही. उलट एखादा प्रकार गाळलात तर चौकशी होईल.

सुरुवातीला सोडा ब्रेडवर स्मोक्ड सॅमन, प्रॉन कॉकटेल किंवा साधं भाज्यांचं सूप. शेवटी ख्रिसमस पुडिंग आणि शेरी घातलेलं ट्रायफल, म्हणजे केक, जेली आणि कस्टर्डचे थर.

प्रांताप्रांताने फरक पडतो. कॉर्ककडे स्पाइस्ड बीफ हवंच, म्हणजे मीठ-मसाल्यात मुरवून उकडलेलं बीफ, गार करून पातळ कापलेलं. कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये (हा बाजार १७८८ पासूनचा आहे) डिसेंबरभर त्याचीच गर्दी असते. टर्की रुळायच्या आधी सणाचा पक्षी होता गूस, म्हणजे पाळीव हंस. अजूनही काही घरं गूसच करतात, तो जास्त चविष्ट लागतो. पण गूसला चरबी फार आणि मांस कमी, त्यामुळे आठ जणांना एक पुरत नाही. पहिल्या खेपेला टर्कीच घ्या.

मी कधी ओव्हनमध्ये केकपलीकडे काही केलं नाही. मला जमेल का?

जमेल. यातला एकही पदार्थ सुटा घेतला तर अवघड नाही. पुरणपोळी लाटता येणाऱ्या माणसाला बटाटे भाजणं म्हणजे काहीच नाही. अवघड आहे ते सगळं एकाच वेळी गरम गरम टेबलावर आणणं, कारण ओव्हन एक, शेगड्या चार आणि पदार्थ दहा. आपल्याकडे ओव्हनसाठी रांग लागत नाही, त्यामुळे हा हिशोब करायची सवय नसते. रेसिपीपेक्षा वेळापत्रकावर जास्त डोकं खर्च करा. कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा.

तयारी कधीपासून सुरू करायची?

पुडिंग नोव्हेंबरात. उशीर झाला असेल तर सरळ विकत आणा, कुणी नावं ठेवत नाही.

टर्की आणि हॅमची ऑर्डर खाटकाकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देऊन ठेवायची. पूर्वी ८ डिसेंबरला खेड्यापाड्यातली माणसं डब्लिनला येऊन सणाची खरेदी उरकायची. आता तो रिवाज विरला आहे, पण तारीख लक्षात ठेवायला सोयीची आहे.

२५ तारखेला दुकानं बंद, पब बंद, दारूची विक्री बंद, ट्रेन आणि बस बंद. थाइम (स्टफिंगमधला सुगंधी पाला) आणायचं राहिलं तर शेजाऱ्याचं दार वाजवणं एवढाच उपाय उरतो. त्यामुळे २३ तारखेला यादी घेऊन बसा आणि मीठ, फॉइल, किचन रोल, भांडी घासायचा साबण यांच्यापर्यंत सगळं तपासा. आदल्या दिवशीच्या यादीत बहुतेक जण थर्मामीटर विसरतात. मांसात खुपसायचा साधा थर्मामीटर सुपरमार्केटमध्ये मिळतो, तो आणाच.

टर्की किती मोठी घ्यावी? ताजी की फ्रोझन?

आठ जणांना ५ किलोची भरपूर होते आणि दुसऱ्या दिवसाला उरते. चौघंच असाल तर अख्खा पक्षी घेऊ नका. नुसता छातीचा भाग मिळतो, त्याला इथे टर्की क्राउन म्हणतात. तो लवकर होतो आणि कापायलाही सोपा.

घ्यायच्या आधी ओव्हनची आतली उंची मोजा. टर्की ट्रेमध्ये बसते, पण ट्रे ओव्हनमध्ये गेला की वरची जाळी टेकते, हे २५ तारखेला कळून उपयोग नाही.

फ्रोझन घेतलीत तर ती फ्रिजमध्येच सुटू द्या, ओट्यावर नाही. २ किलोला साधारण २४ तास लागतात, म्हणजे ५ किलोला जवळजवळ तीन दिवस. ती खालच्या कप्प्यात, खोल ताटात ठेवा, नाहीतर पाणी गळून भाज्यांवर येतं.

टर्की धुवायची का?

नाही. आपल्याला चिकन धुतल्याशिवाय चैन पडत नाही, तरीही नाही. कच्च्या कोंबडीवर आणि टर्कीवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. नळाखाली धरलं की पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते सिंकभर, ओटाभर आणि शेजारी ठेवलेल्या सॅलडवर जातात. ओव्हनच्या उष्णतेने ते मरतातच, धुण्याने मरत नाहीत. फार वाटलं तर किचन रोलने टिपून घ्या आणि हात साबणाने धुवा.

पोटात हात घालून पिशवी आहे का पाहा. मान, काळीज आणि इतर अवयव छोट्या पिशवीत घालून आत ठेवलेले असतात. ते बाहेर काढा, फेकू मात्र नका. लिव्हर बाजूला काढून बाकीचं कांदा, गाजर, तमालपत्र, मिरे घालून तासभर मंद आचेवर उकळा. हाच ग्रेव्हीचा स्टॉक, २४ तारखेलाच करून ठेवायचा.

टर्की कोरडी होते असं सगळे म्हणतात. काय करावं?

खरं आहे, छातीचं मांस चटकन कोरडं पडतं आणि मांडी शिजायला वेळ घेते. पक्षी एकच आणि त्याचे दोन भाग वेगळ्या गतीने शिजणार. यावर इथला जुना उपाय मला सगळ्यात पटतो. मलमलचा किंवा तलम सुती कापडाचा चौकोन घ्यायचा, २०० ग्रॅम लोणी वितळवून तो त्यात पूर्ण बुडवायचा आणि टर्कीच्या छातीवर पांघरायचा. मांड्यांचे सांधेही झाकले गेले पाहिजेत. पुढचे तीन-साडेतीन तास ते लोणी हळूहळू झिरपत राहतं, दर अर्ध्या तासाला ओव्हन उघडून रस ओतत बसायला नको. शेवटची २० मिनिटं कापड काढायचं. तोवर ते तपकिरी, कडक झालेलं असतं आणि खालची कातडी एकसारखी सोनेरी. कापड कोरं, रंग न जाणारं हवं आणि ओव्हनच्या भिंतीला किंवा कॉइलला टेकता कामा नये.

भाजण्याचा पिढीजात हिशोब असा: १८० अंशांवर दर ४५० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर आणखी २० मिनिटं. ५ किलोला हे चार तास येतात. फॅन ओव्हन असेल तर तापमान १६० ठेवा. आताचे ओव्हन जोरकस असतात, पक्षी बहुधा त्याआधीच होतो. म्हणून तीन तासांनी मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता, थर्मामीटर खुपसा. ७५ अंश दाखवलं, रस स्वच्छ निघाला आणि मांस कुठे गुलाबी नसलं की झालं. घड्याळापेक्षा थर्मामीटरचं ऐका.

बाहेर काढल्यावर लगेच कापू नका. फॉइल, त्यावर दोन जाड टॉवेल आणि तासभर विश्रांती. एवढ्या मोठ्या पक्ष्याची ऊब सहज टिकते. या तासाभरात ओव्हन मोकळा होतो, तो बटाट्यांचा.

स्टफिंग पोटात भरायचं की वेगळं?

वेगळं. पोटात भरलं तर ते मध्यभागी पुरेसं तापेपर्यंत छाती वाळून जाते. शिवाय शाकाहारी पाहुण्यांना देता येत नाही.

आयरिश स्टफिंग साधं असतं: दोन मोठे कांदे बारीक चिरून १५० ग्रॅम लोण्यात मंद आचेवर मऊ करायचे. लाल करायचे नाहीत, आपला हात सवयीने परतत राहतो तो आवरा. त्यात ३०० ग्रॅम शिळ्या पांढऱ्या ब्रेडचा चुरा, मूठभर पार्सली, थाइम, मीठ आणि मिरपूड. ओव्हनच्या भांड्यात दाबून २०० अंशांवर २५–३० मिनिटं, वर कुरकुरीत होईपर्यंत. काही घरांत ब्रेडऐवजी कुस्करलेल्या बटाट्याचं स्टफिंग करतात, विशेषतः गूसबरोबर. पण आधीच तीन तऱ्हेचे बटाटे आहेत, तेव्हा जपून.

हॅम कच्चा असतो की शिजवलेला? लेबल वाचून काही कळत नाही.

खाटकाकडे मिळतो तो मिठात मुरवलेला पण कच्चा. तो शिजवावाच लागतो. पाकिटातले पातळ काप शिजवलेले असतात, ते वेगळे. शंका असेल तर विक्रेत्याला विचारा. खारटपणाही त्यालाच विचारा: काही हॅम रात्रभर पाण्यात भिजत घालावे लागतात, काही नाही.

३ किलोचा तुकडा मोठ्या पातेल्यात थंड पाण्यात ठेवायचा, उकळी आणायची आणि ते पाणी ओतून टाकायचं. वर पांढरा फेस आला म्हणजे मीठ बरंच निघालं. पुन्हा ताजं पाणी, एक कांदा, तमालपत्र, दहाबारा मिरे. काही जण पाण्याऐवजी सायडर घालतात, काही चक्क कोला. हिशोब टर्कीचाच, म्हणजे ३ किलोला अडीच तासांच्या आसपास, पण बुडबुडे हळू येतील इतक्याच आचेवर. हे सगळं २४ तारखेच्या दुपारी करा.

२५ तारखेला वरची कातडी सोलायची. सुरीने एक कडा सुटी केली की बोटांनी ओढताना ती सबंध निघून येते. खाली पांढऱ्या चरबीचा थर दिसेल, तो काढू नका. त्यावर सुरीने तिरक्या रेघा दोन्ही बाजूंनी ओढून शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडा, पण मांसापर्यंत सुरी जाऊ देऊ नका. प्रत्येक चौकोनात एक लवंग टोचा. दोन चमचे मोहरीचा सॉस आणि चार चमचे ब्राउन शुगर कालवून वर लिंपा. २०० अंशांवर अर्ध्या तासात साखर वितळून चकाकते. शेवटची दहा मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका, साखर जळायला एक फोन पुरतो.

आतून हॅम गारच राहील, त्याने बिघडत नाही. इथे हॅम गार खातातच. २४ च्या रात्री नुकत्याच उकडलेल्या हॅमचा एक काप ब्रेड आणि मोहरीबरोबर खाणं हा पुष्कळ घरांतला अलिखित हक्क आहे. पूर्वी मात्र तो दिवस उपासाचा असे. त्या रात्री मांस वर्ज्य, आणि जेवणात लिंग नावाचा खारवलेला मासा, पांढरा सॉस आणि बटाटे.

आमच्याकडे बीफ आणि डुक्कर चालत नाही. कुठे कुठे लक्ष ठेवावं?

हॅम डोळ्यांना दिसतो, तो टाळणं सोपं. फसवणारी ठिकाणं दुसरी आहेत.

ख्रिसमस पुडिंग आणि मिन्स पाय यांत पारंपरिक पद्धतीने सूएट असतं, म्हणजे बहुधा गायी-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. मिन्स पायमध्ये आता मांस नसतं, सुका मेवा आणि सफरचंद असतं, पण चरबी असू शकते. पाकिटावर 'व्हेजिटेबल सूएट' किंवा शाकाहारी असल्याची खूण शोधा. घरी करत असाल तर सूएटच्या जागी थंड लोणी किसून घाला, पुडिंग छान होतं. ट्रायफलमधल्या जेलीत जिलेटिन असतं. स्टॉकचे क्यूब कोणत्या मांसाचे आहेत ते वाचा. भाजलेले बटाटे बऱ्याच ठिकाणी गूसच्या चरबीत करतात. स्प्राउट्सवर बेकनचे तुकडे पेरलेले असतात.

तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर हे आठवडाभर आधीच सांगून टाका. यजमान मनावर घेतात, ट्रे वेगळा ठेवतात. ऐनवेळी टेबलावर एकेका पदार्थाची उलटतपासणी सुरू झाली की त्यांनाच ओशाळल्यासारखं होतं.

शाकाहारी पाहुण्यांना काय द्यायचं? नुसत्या भाज्या बऱ्या दिसत नाहीत.

नट रोस्ट करा. चेस्टनट, अक्रोड, मशरूम, कांदा, ब्रेडचा चुरा आणि एक अंडं एकत्र करून लोफच्या डब्यात भाजायचं. अंडं चालत नसेल तर जवसाची पूड भिजवून घाला. हे २४ ला करून ठेवता येतं, २५ ला फक्त गरम करायचं. ग्रेव्ही वेगळी: मशरूम आणि कांदा चांगला लाल परतून, मैदा भाजून, भाज्यांचा स्टॉक. हिची चव मला टर्कीच्या ग्रेव्हीपेक्षा उणी वाटत नाही.

बटाटे बाहेरून कुरकुरीत आणि आतून भुसभुशीत कसे होतात?

निम्मं काम बटाट्याच्या जातीचं. पिठूळ जात हवी. इथे लाल सालीचा रूस्टर सगळीकडे मिळतो, तो कार्लोजवळच्या ओक पार्क संशोधन केंद्रात तयार झाला. केर्स पिंक आणि मॅरिस पायपरही चालतात. सॅलडचे चिकट बटाटे घेतलेत तर कितीही तेल ओता, कुरकुरीत होणार नाहीत.

अडीच किलो बटाटे सोलून, मोठ्या फोडी करून थंड मिठाच्या पाण्यात ठेवा आणि उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं शिजवा. कडा विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या पण मधे सुरी अडते आहे, तिथे थांबायचं. चाळणीत ओतून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, ओले बटाटे तळले जात नाहीत, उकडतात. मग पातेल्यात परत घालून झाकण लावायचं आणि दोन-तीनदा हिसका द्यायचा. झाकण उघडल्यावर फोडींवर पिठासारखा खरबरीत थर आला पाहिजे. तोच पुढे कुरकुरीत होतो. फोडी गुळगुळीतच असतील तर आणखी एक हिसका. त्यावर चमचाभर रवा भुरभुरला तरी चालतो. ही युक्ती ब्रिटन-आयर्लंडमधले लोकही वापरतात आणि आपल्या घरात रवा असतोच.

दरम्यान ट्रेमध्ये गूसची चरबी किंवा सूर्यफुलाचं तेल २०० अंशांवर दहा मिनिटं तापवून घ्या. फोडी टाकल्या की चर्र आवाज यायला हवा. एकमेकींना चिकटू न देता पसरा, एकदा परता, ४५ मिनिटं ते तासभर ठेवा. मीठ शेवटी.

घोटलेल्या बटाट्यांसाठी आणखी दीड किलो बटाटे, गरम दूध आणि हात न आखडता लोणी. हे सकाळीच करून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात आणि मायक्रोवेव्हमध्ये चांगले कढत करता येतात. क्रोकेट्स पाकिटातून आणा. कुणीही घरी करत बसत नाही, निदान पहिल्या वर्षी तुम्ही करू नका.

ब्रसेल्स स्प्राउट्स कुणालाच आवडत नाहीत, मग करायचेच का?

करायचे. न आवडणं हा परंपरेचाच भाग आहे. जास्त उकळले की त्यांना गंधकाचा वास येतो, लहानपणी शिजवून शिजवून लगदा केलेले खाल्ल्यामुळे लोक त्यांना भितात. देठ कापून, अर्धे करून, खळखळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं आणि मग लोण्यात भराभर परतून काढा. यांना मोहरी-जिऱ्याची फोडणी फार छान लागते. पण आयरिश पाहुणे असतील तर अर्धे साधे ठेवा.

गाजर आणि पार्सनिप एकत्र उकडून, लोणी-मिरपूड घालून जाडसर कुस्करायचे. बास.

ग्रेव्ही किती घट्ट असते? मसाला?

मसाला नाही. टर्कीच्या ट्रेमधली वरची चरबी काढून टाका, खाली उरलेल्या रसात दोन चमचे मैदा घालून गॅसवर परता, ट्रेला चिकटलेलं खरवडून घ्या आणि आदल्या दिवशीचा स्टॉक हळूहळू ओता. आमटीपेक्षा थोडी दाट, चमच्याला पातळ थर धरेल इतकी. गाळून घ्या. कमी पडेल असं वाटतं त्याच्या दुप्पट करा, कारण इथे बटाट्यात खळगा करून तो ग्रेव्हीने भरतात. बाजारातली पूड वापरणारी घरं भरपूर आहेत, तेव्हा ऐनवेळी गुठळ्या झाल्या तर डब्याकडे वळायला लाजू नका.

पुडिंग खरंच महिनाभर आधी करतात? खराब होत नाही?

होत नाही. मनुका, बेदाणे, ब्राउन शुगर, ब्रेडचा चुरा, सूएट, अंडी, जायफळ-दालचिनी-लवंगेची पूड, स्टाउट बिअर आणि व्हिस्की. साखर, सुका मेवा आणि दारू मिळून ते टिकवतात. वाडग्यात भरून, वर कागद आणि फॉइल दोरीने बांधून सहा तास वाफवतात आणि थंड जागी ठेवून देतात. मुरल्यावर ते काळसर आणि चवीला गोल होतं. दारू नको असेल तर स्टाउटऐवजी कडक कोरा चहा आणि संत्र्याचा रस चालतो, पण मग ते आठवडाभर आधीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

वाफवायला आपला कुकर उत्तम, शिट्टी काढून. दर तासाला पाणी बघत राहा. सणाच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफ द्यायची, किंवा शेगडी मोकळी नसेल तर तुकडे करून मायक्रोवेव्ह.

पेटवायचं असेल तर पळीभर ब्रँडी गरम करून, काडी लावून पुडिंगवर ओततात, दिवे मालवून. निळी ज्योत दोन-तीन क्षणांत विझते. ओतताना बाटली लांब, मुलं लांब, ओढणी-पदर बांधलेला आणि स्मोक अलार्मच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. बरोबर ब्रँडी बटर किंवा कस्टर्ड. सुक्या मेव्याचं हे जड प्रकरण मुलांना सहसा झेपत नाही, त्यांच्यासाठी ट्रायफल.

एकच ओव्हन आहे. तासातासाचं वेळापत्रक सांगाल का?

दुपारी ३ ला जेवायचं धरू. आयरिश घरांत २ ते ५ मध्ये केव्हाही बसतात, त्यामुळे साडेतीन वाजले तरी कुणी घड्याळ बघत नाही.

२४ तारीख: हॅम उकडा, स्टॉक करा, स्टफिंग कालवून ठेवा, स्प्राउट्स निसा, ट्रायफल लावा, क्रॅनबेरी सॉस करा, टेबल मांडा. रात्री खिडकीत मेणबत्ती लावायची चाल आहे, मेरी आणि जोसेफला वाट दिसावी म्हणून. आता बहुतेक ठिकाणी विजेची असते.

२५ तारीख:

९.०० — टर्की फ्रिजबाहेर, कोरडी करून मीठ-मिरपूड चोळा
९.४० — ओव्हन १८० वर
१०.०० — टर्की आत. बटाटे सोला, मग मुलांच्या भेटवस्तू उघडायला जा
१.०० — थर्मामीटर. पुडिंग वाफेवर
१.४५ पर्यंत — टर्की बाहेर, झाकून ठेवा. ओव्हन २०० वर, चरबीचा ट्रे आत. बटाटे उकळून, हिसका देऊन तयार
१.५५ — बटाटे आत
२.१५ — हॅम लिंपून आत, खालच्या जाळीवर
२.२५ — स्टफिंग आणि क्रोकेट्स
२.३० — ग्रेव्ही
२.४५ — टर्की कापा. सुरीला आदल्या दिवशी धार लावलेली असावी. छातीचा अर्धा भाग अख्खा सोडवून घेऊन मग आडवे काप करा, पक्ष्यावरच कापत बसण्यापेक्षा नीट होतं
२.५० — स्प्राउट्स, बटाट्यांचा लगदा आणि गाजर गरम करा, ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसा

टर्की लवकर झाली तर काही बिघडत नाही. उशीर झाला तर सूप द्या आणि वाइनची बाटली उघडा.

टेबलावर काही रीतभात असते का?

फारशी नाही. प्रत्येक ताटाशेजारी एक क्रॅकर असतो, म्हणजे कागदी नळी. दोघांनी दोन टोकं धरून ओढली की फट् आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट आणि भिकार विनोद निघतो. मुकुट घालायचा, विनोद मोठ्याने वाचायचा. धार्मिक घरात जेवणाआधी छोटी प्रार्थना होते, तोवर काटा उचलू नका. आग्रह होतो, आणि आपल्याला तो ओळखीचा आहे. फक्त इथे 'नको' दोनदा म्हणून तिसऱ्यांदा 'बरं, थोडंसं' म्हणायची सोय आहे.

भारतात, घरच्या ओटीजीमध्ये हे करता येईल का?

टर्कीचा हट्ट सोडा. मोठ्या शहरांत डिसेंबरात फ्रोझन टर्की मिळतेही, पण ती ओटीजीत मावत नाही. दीड-दीड किलोच्या दोन कोंबड्या कातडीसकट घ्या, एकामागून एक भाजा, प्रत्येकी सव्वा-दीड तास. हॅमच्या जागी गोव्याकडे किंवा मुंबईच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मिळणारा तयार हॅमचा तुकडा, लिंपण तेच. बटाटे नवे घेऊ नका. डिसेंबरात बाजारात पातळ सालीचे नवे बटाटे येतात, ते पाणचट असतात. वेफर्ससाठी वापरतात ते घ्या. पार्सनिप मिळालं नाही तर गाजरात थोडं रताळं.

इतकं उरलं तर काय करायचं?

उरणारच, त्यासाठीच केलेलं असतं. दोन तासांच्या आत हाडांपासून मांस सोडवून फ्रिजमध्ये टाका, तीन दिवसांत संपवा, गरम करताना वाफा येईपर्यंत तापवा.

२६ डिसेंबर म्हणजे सेंट स्टीफन्स डे, त्या दिवशी आयर्लंडभर टर्की आणि हॅमचं सँडविच खातात, आत स्टफिंगही. आणि दुसरा ठरलेला पदार्थ म्हणजे टर्कीची करी! आयरिश घरांत ती बाजारातल्या करी पावडरीची, थोडी गोडसर होते. तुम्ही सरळ कांदा-खोबरं भाजून मालवणी मसाल्यात करा. मांस आधीच शिजलेलं आहे, तेव्हा ते सगळ्यात शेवटी घालायचं आणि एक दणदणीत उकळी आणून गॅस बंद करायचा. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं वडिलांकडचं गाव मालवणजवळचं वराड, तेव्हा या करीला राजमान्यता आहेच असं आम्ही धरून चालतो. आदल्या दिवशी आलेले पाहुणे २६ ला पुन्हा आले तर ते या करीसाठीच, म्हणून भात जरा जास्त लावा.

सांगाड्याचा स्टॉक करून बरण्यांत गोठवा. ६ जानेवारीला नोलेग ना मॉन, म्हणजे बायकांचा ख्रिसमस असतो. मुख्यतः कॉर्क आणि केरीकडची ही रीत: त्या दिवशी बायका मैत्रिणींबरोबर बाहेर जातात आणि घरातलं सगळं पुरुष बघतात. तो स्टॉक तेव्हा सूपला उपयोगी पडतो. घरातल्या पुरुषाला एवढं तरी जमावं, बरणीवर चिठ्ठी लावून ठेवा.